खाटेवरची बिडी: नर्सिंग होममध्ये धूर, आग आणि ऑक्सिजन कसे सांभाळावेत

चादरीला पडलेलं भोक तुरीच्या दाण्याएवढं होतं. कड तपकिरी आणि कडक झालेली, बोटाने चोळली की काळी भुकटी पडत होती. सकाळी अंथरुणं बदलताना मावशींनी ती चादर माझ्यापुढे धरली आणि काहीच बोलल्या नाहीत. खाट ज्यांची, ते आजोबा मिलमधून निवृत्त झालेले, वय 78, सोळाव्या वर्षापासून बिडी ओढणारे. मधुमेहामुळे पाय बधिर, त्यामुळे चटका बसला असता तरी त्यांना कळला नसता. आणि चार हातांवर शेजारच्या काकांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडणारं मशीन, रात्रभर चालू होता.

पाटी तेव्हाही होती. नियम प्रवेशाच्या फॉर्मवर छापलेला होता, खाली मुलाची सहीही होती. आजोबांच्या उशीच्या अभ्र्यात बिडीचा अर्धा कट्टा आणि काडेपेटी मिळाली. दोन्ही वस्तू त्यांना कोणी आणून दिल्या, हे शोधत बसण्यापेक्षा आमच्या कामात कुठे फट राहिली ते शोधायचं ठरवलं. त्या शोधातून जे हाती आलं ते पुढे लिहिते आहे.

मी इंदूरच्या पश्चिम भागात 22 खाटांचं शुश्रूषा केंद्र चालवते. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर इथली बरीच मराठी घरं आता दोन म्हाताऱ्यांची उरली आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. त्यामुळे हा लेख जितका केंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे, तितकाच आईवडिलांना अशा ठिकाणी ठेवणाऱ्या मुलामुलींसाठीही. तुम्ही काय विचारायला हवं ते तुम्हाला कळलं, तर आमच्यासारख्यांना टाळाटाळ करता येणार नाही.

धूर एकट्याचा नसतो

तंबाखूच्या धुरात 7,000हून अधिक रसायनं असतात. त्यांतली जवळपास 70 कर्करोगाला कारणीभूत ठरतात. ओढणाऱ्याच्या छातीत जातो त्याहून जास्त धूर जळत्या टोकातून थेट खोलीत पसरतो. 1981 मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी 91,540 विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बायका स्वतः ओढत नव्हत्या. ज्यांचे नवरे भरपूर सिगारेटी ओढत होते त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. आता ती घरातली बायको काढून तिच्या जागी खाटेवरच्या आजी ठेवा. बायकोला निदान उठून अंगणात जाता येत होतं.

आमच्याकडच्या माणसांची फुप्फुसं आधीच थकलेली असतात. दमा, जुना खोकला, कधी काळी झालेला क्षयरोग, हृदयाचा अशक्तपणा. धुराने शिरा आकसतात आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, म्हणून जखम भरत नाही. ज्यांना पाठीला बेडसोअर (पडून राहून झालेली जखम) आहे त्यांच्यासाठी याचा अर्थ काय होतो, ते रोज ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला विचारा. खिडकी उघडली, पंखा लावला, की भागतं असं अनेकांना वाटतं. भागत नाही. पंखा धूर फक्त खोलीभर फिरवतो.

बिडी 'देशी' म्हणून सौम्य, हाही एक पक्का गैरसमज. तेंदूपत्त्याच्या उत्पादनात आपला मध्यप्रदेश देशात पुढे, त्यामुळे बिडी इथल्या हाताला फार सहज सापडते. पण ते पान कागदासारखं सच्छिद्र नसतं. बिडी विझू नये म्हणून माणूस वारंवार आणि जोरात झुरके घेतो, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त आत जातं. आणि विझली की पुन्हा पेटवावी लागते. म्हणजे एका बिडीसाठी तीन-चार वेळा काडी ओढली जाते, कापऱ्या हाताने, अंथरुणावर.

पहिली पायरी: रात्री साडेनऊला घर फिरून बघा

दिवसा पाहणी करू नका, दिवसा सगळं छान दिसतं. रात्रपाळी सुरू झाल्यावर वही आणि टॉर्च घेऊन एकट्याने फिरा. मी फिरले तेव्हा थोटकं सापडली ती अशी: जनरेटरच्या मागे सात, गच्चीच्या जिन्यावर चार, मागच्या संडासाच्या खिडकीत दोन, आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात एक. या शेवटच्या एकानेच मला रात्रभर झोपू दिलं नाही. आपल्या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय 2017 पासून इतकी अंगवळणी पडली आहे की सुक्या डब्यात फक्त पुठ्ठा, औषधांची खोकी, प्लास्टिक आणि कापूस असतो. धगधगतं थोटूक पडायला याहून वाईट जागा नाही.

फिरताना एवढ्या गोष्टी वहीत उतरवा: काडेपेट्या आणि लायटर कुठे आहेत, ऑक्सिजन कुठल्या खोल्यांत आहे, देवघर आणि त्या खोल्यांत अंतर किती, सॅनिटायझरचा साठा कुठे ठेवला आहे (तो अल्कोहोलचा असतो, पेटतो), इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ काय रचलं आहे, आणि मागचं दार उघडतं का. 'उघडतं' असं कोणी सांगितलं तर स्वतः उघडून पाहा. आमच्या मागच्या दारापुढे तीन जुन्या व्हीलचेअर आणि एक कूलर होता.

कोण कुठे ओढतं याची यादी करा, पण त्या रात्री कोणावर ओरडू नका. ओरडलात की सगळं लपेल, आणि लपून ओढलेली बिडी उघड्या बिडीपेक्षा कितीतरी धोकादायक असते. माणूस पाय वाजले की ती पांघरुणाखाली घेतो.

दुसरी पायरी: कायदा नेमका काय मागतो

2003 चा सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायदा सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घालतो, आणि रुग्णालयाच्या इमारती त्यात नावाने आहेत. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी कामाच्या जागाही त्यात आणल्या. नर्सिंग होम हे दोन्ही अर्थांनी बसतं. स्वतंत्र 'स्मोकिंग रूम'ची सवलत 30 किंवा अधिक खोल्यांची हॉटेलं, 30 किंवा अधिक जणांची बैठक असलेली उपाहारगृहं आणि विमानतळ यांनाच आहे. तेव्हा 'मागची एक खोली ओढणाऱ्यांना देऊन टाकू' हा तोडगा बेकायदेशीर आहे. मला तो अनेकांनी सुचवलेला आहे.

पाटी 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीची. मजकूर: 'धूम्रपान निषेध क्षेत्र, यहाँ धूम्रपान करना अपराध है'. ती फक्त गेटवर लावून चालत नाही. प्रत्येक प्रवेशद्वारी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यापाशी आणि लिफ्टच्या दाराशी हवी. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव लिहून लावायचं असतं. इमारतीत ॲशट्रे, काडेपेटी, लायटर अशा धूम्रपानाला हातभार लावणाऱ्या वस्तू पुरवायच्या नाहीत. ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड होतो, आणि तक्रार येऊनही चालवणाऱ्याने हालचाल केली नाही तर जितके गुन्हे तितका दंड त्यालाही भरावा लागतो. ई-सिगारेट तर 2019 च्या कायद्याने विक्रीलाच बंद आहे. 'वाफच आहे, धूर नाही' म्हणून नातवाने आणून दिली तर ती नम्रपणे परत करा.

याशिवाय मध्यप्रदेशात नर्सिंग होमची नोंदणी 1973 च्या राज्य कायद्याखाली होते. ती फाइल आणि अग्निसुरक्षेची कागदपत्रं एकाच कपाटात ठेवा, तपासणीला कोणी आलं की धावाधाव होत नाही. कागदपत्रांबद्दल एवढंच. खरं काम खाटेजवळ आहे.

तिसरी पायरी: प्रवेशाच्या दिवशीचं बोलणं

आमची चूक इथे झाली होती. फॉर्मवर प्रश्न होता, 'व्यसन आहे का?' मुलाने 'नाही' लिहिलं. खोटं लिहायचं म्हणून नाही, बिडीला त्यांच्या घरात कोणी व्यसन म्हणतच नव्हतं. आता आम्ही फॉर्म बाजूला ठेवतो, चहा मागवतो आणि असं विचारतो:

'काका, सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने लागते?'

या एका प्रश्नाने बरंच कळतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची ओढ तीव्र आहे, आणि अशा माणसाला नुसत्या नियमावर सोडणं म्हणजे त्याला चोरून ओढायला लावणं. पुढचे प्रश्न: दिवसात किती, रात्री जाग आल्यावर ओढता का, कपड्यांना किंवा गादीला कधी भोकं पडली आहेत का, आधी कधी सोडायचा प्रयत्न केला होता का आणि तेव्हा काय झालं. बोलताना बोटांकडे आणि शर्टाच्या पुढच्या बाजूकडे नजर टाका. भोकं खरं सांगतात.

मग घरच्यांशी वेगळं बोला. इथे हमखास एक वाक्य येतं: 'ताई, बाबांचा आता एवढाच एक आनंद उरलाय, तोही काढून घ्यायचा का?' मला या वाक्याचा राग येत नाही. ते प्रेमातून आलेलं असतं. मी सांगते, 'दादा, त्यांना तुमच्याकडून हवी आहे ती सोबत. बिडीच्या निमित्ताने तुम्ही दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसता, म्हणून ती गोड लागते. तुम्ही रविवारी याच, येताना पोहे-जिलबी आणा, साखर सांभाळून अर्धी जिलबी देऊ. बिडी मात्र आणू नका. त्यांच्या खोलीत ज्यांना नळी लागली आहे, त्यांचा मुलगाही तुमच्यासारखाच आमच्या भरवशावर आहे.' बहुतेक जण समजून घेतात. जे घेत नाहीत त्यांना मी प्रवेश देत नाही, आणि हे आधीच सांगते. भाड्याचं नुकसान होतं. होऊ दे.

लेखी करारात तीन वाक्यं असू द्या: आत धूम्रपान नाही, काडेपेटी व लायटर रुग्णाजवळ राहणार नाही, भेटीला येणारे अशा वस्तू देणार नाहीत. तीन वाक्यं सगळे वाचतात. तीन पानं कोणी वाचत नाही.

चौथी पायरी: ऑक्सिजनची खोली

हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. तो 24 टक्क्यांच्या आसपास गेला तरी कापड, केस, गादी सहज पेट घेतात आणि आग झपाट्याने पसरते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण बाकी सगळं भडकवतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि सुती चादरीत, शालीत, दाढीत तो मुरून राहतो. नळी काढली आणि लगेच बिडी पेटवली तर चेहरा भाजतो. नळी काढल्यावर किमान 20 मिनिटं मोकळ्या हवेत गेल्याशिवाय अंगावरचे कपडे सुरक्षित मानू नका.

सगळ्यात जास्त घडणारी चूक अगदी साधी आहे. रुग्ण जेवायला उठतो, नळी नाकातून काढून उशीवर ठेवतो, मशीन चालूच राहतं. अर्ध्या तासात ती उशी आणि गादी ऑक्सिजनने भरून जाते. म्हणून नियम: नळी नाकात नसेल तर मशीन बंद. आम्ही कॉन्सन्ट्रेटरच्या बटणाजवळ लाल टेप लावली आहे, मावशींना वाचता येवो न येवो, लाल कळतं.

ऑक्सिजन असलेल्या खाटेपासून दहा फुटांच्या आत कुठलीही ज्योत नको. यात आपल्या लोकांचं सगळ्यात हळवं प्रकरण येतं: सांजवात. आमच्याकडच्या एक आजी रोज तिन्हीसांजेला उशाजवळच्या छोट्या तसबिरीपुढे निरांजन लावायच्या, आणि त्यांना नळी होती. मी त्यांना 'लावू नका' म्हटलं नाही. हॉलमध्ये, ऑक्सिजनपासून दूर, संगमरवरी फरशीवर सगळ्यांचं मिळून एक देवघर केलं. संध्याकाळी सातला, ज्यांना थोडा वेळ नळी काढायला डॉक्टरांची परवानगी आहे ते हॉलमध्ये लांब बसतात, दिवा मावशी लावतात, 'शुभं करोति' सगळे म्हणतात, आणि दिवा शांत होईपर्यंत एक माणूस तिथून हलत नाही. उशाजवळ बॅटरीचा दिवा आहे. आजी पहिले आठ दिवस रुसल्या होत्या. उदबत्ती, धूप आणि कापराला हाच नियम.

आणखी काही, थोडक्यात. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन किंवा तेल लावू नका, पाण्यात विरघळणारं जेल लावा. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेलकट हात किंवा ग्रीस अजिबात नको. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला हवा. पडला आणि व्हॉल्व्ह तुटला तर तो तोफगोळ्यासारखा सुटतो. मशीन भिंतीपासून आणि पडद्यापासून दीड-दोन फूट दूर. नळी पांघरुणाखालून नेऊ नका. इंदूरची डिसेंबर-जानेवारीची थंडी म्हाताऱ्या हाडांना सोसत नाही हे खरं, पण बंद खोलीत शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो.

पाचवी पायरी: बिडी काढून घेतली तर तिच्या जागी काय द्याल?

या वयात सोडून काय मिळणार, असं डॉक्टरही कधी कधी म्हणतात. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी 1951 पासून ब्रिटनमधल्या 34,439 पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवला. 2004 मध्ये आलेला निष्कर्ष असा: तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला सरासरी 10 वर्षं परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला 6, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे 3. आणि वर्षांचा हिशोब सोडला तरी रोजचा फरक पडतोच. 12 तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारतं, काही महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. 78 वर्षांच्या माणसाला संडासापर्यंत न थांबता चालत जाता येणं, हीच फार मोठी गोष्ट आहे.

पण सोडवायचं तर नीट सोडवा. अचानक बंद केलेल्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, त्रास दोन ते चार आठवडे टिकू शकतो. चिडचिड, झोप उडणं, बद्धकोष्ठता, भूक वाढणं, अस्वस्थ फेऱ्या मारणं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात हेच सगळं 'आजार वाढला' म्हणून वाचलं जातं आणि झोपेचं औषध चढवलं जातं. आमच्याकडे हे एकदा झालं आहे आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सोडण्याची तारीख केसपेपरवर ठळक लिहा, म्हणजे रात्रीच्या सिस्टरला कारण कळेल.

बिडीची ओढ भागवणारे निकोटिनचे पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि गम डॉक्टरांच्या सल्ल्याने. कवळी असलेल्यांना गम चिकटतो, त्यांच्यासाठी पॅच बरा. पॅच रोज सकाळी, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर, रोज जागा बदलून. वाईट स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून रात्री काढा. जुना पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडून बंद डब्यात टाका, त्यात निकोटिन उरलेलं असतं. गम च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो: थोडा चावायचा, जिभेला झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचा, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचा. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं चहा नको. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांनी बघितल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

एक गोष्ट फार थोडी केंद्रं लक्षात ठेवतात. तंबाखूच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत काही औषधं लवकर निकालात काढतं. धूर बंद झाला की तीच औषधं रक्तात जास्त साठतात. दम्यासाठीचं थिओफायलिन, मानसिक आजारातली क्लोझापिन व ओलान्झापिन ही त्यांतली ठळक. रक्त पातळ ठेवण्याचं वॉरफरिन आणि इन्सुलिन यांच्यावरही नजर ठेवावी लागते. म्हणून 'काकांनी बिडी सोडली' ही बातमी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. डोस तुम्ही बदलू नका, पण कळवा.

फोनवर मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन 1800-11-2356, मोफत. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567.

हाताला आणि तोंडाला काम द्या. बडीशेप, लवंग, वेलदोडा. जेवणानंतरची पाच मिनिटं कठीण असतात. त्या वेळी कोणीतरी त्यांच्याबरोबर अंगणात चकरा मारायला हवं. आमच्या आजोबांना मिलच्या गोष्टी सांगायला आवडायचं. रोज जेवणानंतर वॉर्डबॉय पंधरा मिनिटं त्यांच्यापाशी बसू लागला. पॅच आणि त्या गोष्टी, दोन्हींनी मिळून काम केलं. दोनदा ते घसरले, दोन्ही वेळा आम्ही तारीख नव्याने लिहिली.

तंबाखू-चुना आणि मिश्रीबद्दल एकच परिच्छेद लिहिते. त्यात आग नाही म्हणून केंद्रं काणाडोळा करतात. पण तोंडाचा कर्करोग तिथून येतो, आणि गिळताना त्रास असलेल्या माणसाच्या तोंडात झोपेच्या वेळी सुपारी-तंबाखूचा तोबरा असणं म्हणजे ठसका आणि गुदमरणं. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे. उशाखालची पुडी काडेपेटीइतक्याच गांभीर्याने घ्या.

जे सोडायला तयार नाहीत त्यांचं

असे राहतात. त्यांना खजील करून काही साधत नाही. आमची सध्याची व्यवस्था तात्पुरती आहे आणि मला ती पूर्ण पसंत नाही, पण खाटेवरच्या चोरट्या बिडीपेक्षा ती बरी: इमारतीबाहेर, खिडक्या आणि ऑक्सिजनपासून दूर, कडुनिंबाखालच्या उघड्या जागेत, ठरलेल्या वेळी, शेजारी माणूस उभा असताना. काडी तो माणूसच लावतो. मांडीवर जाड सुती चादर नाही, पायघोळ शाल नाही, हवेत उडणारा पदर नाही. वाळूने भरलेली पत्र्याची बादली जवळ. थोटूक वाळूत दाबून विझवलेलं स्वतः पाहायचं. झोपेची गोळी दिल्यानंतर नाही. ऑक्सिजनवरच्या रुग्णाला ही सवलत नाहीच. तिथे डॉक्टर, घरचे आणि आपण मिळून बसायला लागतं. दर पंधरा दिवसांनी या यादीतल्या प्रत्येकाला पुन्हा विचारा, 'काका, करायचा का प्रयत्न?' सहाव्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा माणूस मी पाहिला आहे.

आणि जनरेटरमागची सात थोटकं कर्मचाऱ्यांची होती. बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार, मध्ये बसायला जागा नाही. आम्ही दोन्ही पाळ्यांत पंधरा-पंधरा मिनिटांची सुट्टी ठरवून दिली, चहा दिला, आणि सोडू इच्छिणाऱ्यांना पॅचचे पैसे केंद्राने दिले. धुराचा वास अंगावर घेऊन कोणी दम्याच्या रुग्णाला भरवायला जात असेल तर आधी हात धुणं आणि ॲप्रन बदलणं सक्तीचं.

सहावी पायरी: तरीही आग लागलीच तर

9 डिसेंबर 2011 ला कोलकात्यात एका रुग्णालयाच्या तळघरात पहाटे आग लागली. जवळपास 90 माणसं गेली, त्यांतली बहुतेक वरच्या मजल्यांवर, ज्वाळा न पाहता, धुराने गुदमरून. आपल्या जबलपुरात 1 ऑगस्ट 2022 ला एका खासगी रुग्णालयात 8 जण गेले. आपल्याकडच्या रुग्णालयांतल्या बऱ्याच मोठ्या आगी विजेच्या बिघाडातून सुरू झालेल्या आहेत, तेव्हा बिडीवर लक्ष ठेवताना लोंबकळणाऱ्या वायरी, एकाच सॉकेटवरचे तीन हीटर आणि गरम होणारा प्लग विसरू नका. आग कशानेही लागो, ज्यांना पळता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न तोच राहतो.

क्रम असा पाठ करून घ्या: जवळच्या माणसाला आधी हलवा, ओरडा आणि घंटा वाजवा, दार ओढून घ्या, मग विझवायचा प्रयत्न करा. दार ओढून घेणं लोक विसरतात. साधं लाकडी दार बंद असेल तर धूर काही मिनिटं अडतो, आणि त्या मिनिटांत चार माणसं बाहेर निघतात. फोन 101 किंवा 112, पण फोन करणारा एकच ठरलेला असावा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला. लिफ्ट नाही. धूर वर जमतो, म्हणून वाकून चाला.

खाटेवरच्या माणसाला उचलू नका, ओढा. जाड पांघरूण खाटेशेजारी जमिनीवर पसरायचं, दोघांनी चादरीसकट रुग्णाला त्यावर उतरवायचं, डोक्याकडची दोन टोकं मुठीत घट्ट धरून मागे चालायचं. आधी त्याच मजल्यावरच्या लांबच्या, धूर नसलेल्या भागात, दार बंद करून. जिना त्यानंतर. आमच्या पहिल्या सरावात रुग्ण म्हणून मीच झोपले होते. पासष्ट किलोचं माझं वजन दोन बारीक मुलींनी हॉलपर्यंत नेलं, मात्र वाटेत उंबऱ्यावर माझी पाठ आपटली. दुसऱ्या दिवशी तो उंबरा काढून टाकला. सराव वर्षातून दोनदा करा आणि त्यातला एक रात्रपाळीत करा, जेव्हा 22 जणांमागे तीनच माणसं असतात.

अग्निशामकाचं: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. ज्वाळांवर मारलं की पावडर वाया जाते. विजेच्या आगीवर पाणी नाही. गादीची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. ती मोकळ्यावर नेऊन पाण्याने चिंब करा. यंत्रावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहा. आणि यंत्र खरोखर हातात देऊन शिकवा. भिंतीवरून काढतानाच ते किती जड आहे हे पहिल्यांदा आगीतच कळायला नको.

प्रत्येक खाटेच्या पायाशी रंगीत पट्टी: हिरवी म्हणजे स्वतः चालतात, पिवळी म्हणजे एकाचा आधार, लाल म्हणजे ओढून न्यायचं. अंधारात टॉर्च मारला की यादी न बघता कळतं. लाल पट्टीवाल्यांना वरच्या मजल्यावर ठेवू नका. खोल्यांची सोय थोडी बिघडते, बिघडू द्या.

चॅनल गेटची किल्ली

स्मृतिभ्रंशाची माणसं रात्री उठून रस्त्यावर जातात, म्हणून गेटला कुलूप लागतं. चोरीच्या भीतीने खिडक्यांना गज असतात. ही दोन्ही कुलपं आग लागली की आपल्यावरच उलटतात. आमच्याकडे प्रत्येक खोलीतल्या एका खिडकीचा गज आता आतून उघडतो. चॅनल गेटच्या तीन किल्ल्या आहेत: एक रात्रीच्या सिस्टरच्या कमरेला, दुसरी मागच्या दाराजवळ खिळ्याला, रुग्णाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, तिसरी समोरच्या बंगल्यातल्या काकूंकडे.

रात्रीच्या वहीत आता चार ओळी भरायच्या असतात: उशा-अभ्रे तपासले, नळी नाही तिथे मशीन बंद, मागचं दार उघडून पाहिलं, किल्ली कमरेला आहे. पहिल्या महिन्यात या ओळी दहा वाजताच एकदम भरलेल्या दिसायच्या. मग मी मधूनच रात्री दोनला फोन करू लागले आणि एकच विचारायचे, 'ताई, किल्ली कुठे आहे?' आता पलीकडून उत्तर यायच्या आधी किल्ल्यांची खळखळ ऐकू येते.